मराठी पुस्तकांची संदर्भसूची आणि सूची : ५०४, ५०० आणि ००८ कसे भरावे?

तालिकाकार

नमस्कार. कोहा या ग्रंथालयांच्या संगणकप्रणालीवर मराठी पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या सर्वांसाठी हा धागा काढत आहे. पुस्तकाच्या शेवटी असलेली संदर्भसूची, टिपा आणि सूची (इंडेक्स) यांची दखल तालिकेत (कॅटलॉगमध्ये) कशी घ्यावी, एवढाच त्याचा विषय आहे. विषय लहान दिसतो, पण अनेक ग्रंथालयांच्या ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय तालिकेत, मराठी पुस्तके उघडून पाहिली, तर लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि वर्गांक नीट भरलेले असतात आणि टिपांचा भाग कोरा असतो. एखादे पुस्तक शंभर साधने तपासून लिहिलेले असो की नुसते आठवणींवर बेतलेले असो, तालिकेत दोन्ही सारखीच दिसतात. ही उणीव मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी पुष्कळ ठिकाणी आजही मुक्तप्रवेश नाही. वाचक चिठ्ठी देतो, शिपाई कपाटातून पुस्तक काढून आणतो आणि तोपर्यंत वाचकाच्या हाती फक्त तालिका असते. ज्याला कपाटापर्यंत जाऊन पुस्तकाचे शेवटचे पान उलटता येत नाही, त्याच्यासाठी ते पान आपणच उलटून पाहायला हवे.

आधी नियम सांगतो. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या आराखड्यात प्रत्येक रकान्याला आकडी टॅग असतो. त्यात ५०४ हा टॅग संदर्भसूचीच्या टिपेसाठी आहे. त्याचे दोन्ही इंडिकेटर (टॅगपुढची दोन संकेतस्थाने) रिकामे ठेवायचे आणि टीप सबफील्ड (उपरकाना) ए मध्ये लिहायची. सबफील्ड बी संदर्भांच्या संख्येसाठी आहे, पण आपल्या कामात त्याची गरज जवळजवळ पडत नाही. पुस्तकात संदर्भ आणि सूची दोन्ही असतील, तर दोन्हींचा उल्लेख ५०४ मध्येच एका वाक्यात करावा. फक्त सूची असेल आणि संदर्भ नसतील, तर ती टीप ५०० या सर्वसाधारण टॅगमध्ये जाते. नुसत्या सूचीसाठी ५०४ वापरलेले मी अनेक नोंदींत पाहिले आहे, ते टाळावे.

पृष्ठांकांचा संकेतही सोपा आहे. संदर्भ एकाच ठिकाणी सलग दिले असतील, तर कंसात पृष्ठे द्यावीत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी किंवा तळटीपांत विखुरलेले असतील, तर पृष्ठे न देता केवळ संदर्भ असल्याचे नमूद करावे. एएसीआर २ या जुन्या तालिकीकरण-नियमांच्या काळात इंग्रजी नोंदींत पृष्ठांसाठी एकाक्षरी संक्षेप वापरत असत, त्यांच्या जागी आलेल्या आरडीए नियमांनी तिथे पूर्ण शब्द आणला. मराठीत मात्र 'पृ.' हा संक्षेप सर्वांच्या इतका परिचयाचा आहे, की तो ठेवायला माझी हरकत नाही. फक्त तो सर्व नोंदींत सारखाच असावा.

टिपेबरोबर ००८ हा संकेतांचा टॅग भरणे हा कामाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तोच बहुधा राहून जातो. चाळीस स्थानांच्या या टॅगमध्ये २४ ते २७ ही चार स्थाने आशयाच्या स्वरूपासाठी आहेत. संदर्भसूची टिपेत नोंदवण्याइतकी भरीव असेल, तर तिथे बी हा संकेत द्यावा. ३१ वे स्थान सूचीसाठी आहे : पुस्तकात स्वतःच्या मजकुराची सूची असेल तर १, नसेल तर ०. त्याच २४ ते २७ मध्ये आय असाही एक संकेत आहे, पण तो दुसऱ्या साहित्याची सूची म्हणूनच तयार झालेल्या ग्रंथांसाठी आहे. पुस्तकाच्या मागे नामसूची आहे एवढ्यावरून तो लावू नये. कोहात ००८ च्या शेजारचे बटण दाबले की ही सगळी स्थाने निवडयाद्यांसह समोर येतात, त्यामुळे आकडे पाठ करण्याची गरज नाही.

आता माझा मुख्य प्रस्ताव. इंग्रजी नोंदींत 'इन्क्लूड्स बिब्लिओग्राफिकल रेफरन्सेस अँड इंडेक्स' हे ठरीव वाक्य असते आणि आपण ते जसेच्या तसे ठेवतो किंवा त्याचे मराठी रूप करून सगळीकडे चिकटवतो. मराठी पुस्तकांत मागच्या पानांवर जे असते ते या एका वाक्यात मावत नाही. इतिहासाच्या पुस्तकाला व्यक्तिनामसूची आणि स्थलनामसूची वेगवेगळ्या असतात, संतवाङ्मयाच्या आवृत्तीला अभंगांची अकारविल्हे सूची असते, गौरवग्रंथाला सत्कारमूर्तींची लेखनसूची असते. आपल्या गावाचा उल्लेख शोधणाऱ्या वाचकाला 'सूची आहे' यापेक्षा 'स्थलनामसूची (पृ. ४०१-४१६)' हे कितीतरी अधिक सांगते. म्हणून टीप मराठीत लिहावी, सूचीचा प्रकार नेमका लिहावा आणि पुस्तक हातात घेतल्याशिवाय लिहू नये, असे माझे मत आहे. इतरांच्या ग्रंथालयांत काय पद्धत आहे, ते वाचायला आवडेल.

दाखलनोंद

विस्ताराने लिहिल्याबद्दल आभारी आहे. मी महाविद्यालयीन ग्रंथालयात काम करते. मराठी पुस्तकांच्या नोंदी आम्ही शक्यतो झेड ३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकांतून नोंदी मिळवण्याच्या सोयीतून, उतरवून घेतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे नवी दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके मिळवून त्यांचे तालिकीकरण करत आले आहे, त्यामुळे बऱ्याच मराठी पुस्तकांची चांगली नोंद आयती मिळते. त्या नोंदीतले ५०४ अर्थातच इंग्रजीत असते. आमच्या बाकीच्या सर्व नोंदींतील टिपाही इंग्रजीतच आहेत. अशा वेळी फक्त मराठी पुस्तकांसाठी टीप मराठीत करायची का? पुस्तकाची भाषा मराठी आहे एवढे कारण त्याला पुरेसे आहे का?

तालिकाकार

प्रश्न नेमका आहे. टिपेची भाषा पुस्तकाच्या भाषेवरून ठरत नाही, तालिका करणाऱ्या संस्थेच्या भाषेवरून ठरते. ०४० च्या सबफील्ड बी मध्ये जी तालिकीकरणाची भाषा नोंदवलेली असते, तिच्यातच टिपा असायला हव्यात. आपल्या महाविद्यालयाची तालिका इंग्रजीत असेल, तर मराठी पुस्तकाचीही टीप इंग्रजीतच राहू द्यावी. तिथे मराठी टीप घातली, तर एकाच नोंदीत दोन भाषांची सरमिसळ होईल. माझा प्रस्ताव मराठीत तालिका ठेवणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. त्यांनी उतरवून घेतलेल्या नोंदीतील ०४० चे सबफील्ड बी 'एमएआर' असे बदलावे आणि मग ५०४, ५०० यांसह सर्व टिपा मराठीत आणाव्यात. पुस्तकाच्या भाषेची नोंद ००८ च्या ३५ ते ३७ या स्थानांत असतेच, या दोन्हींत गल्लत करू नये.

टीप इंग्रजीत असली तरी प्रकार मात्र नेमका लिहिता येतो, तेवढे अवश्य करावे.

बंद कपाट

तालिकाकार यांच्या मुक्तप्रवेशाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याला एक जोड देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयाची कार्ड-तालिका संगणकावर आणली गेली. काम बाहेरच्या एका संस्थेला दिले होते. कार्डावर पृष्ठसंख्येच्या ओळीखाली जुन्या ग्रंथपालांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेले असे : 'शेवटी संदर्भग्रंथांची यादी', 'सूची आहे', 'वंशावळ व दोन नकाशे'. संगणकीय नोंदीत लेखक, शीर्षक, प्रकाशन, पृष्ठे आणि वर्गांक आले, खालच्या ओळी आल्याच नाहीत. कारण कामाच्या करारात टिपांचा रकानाच नव्हता. त्या ओळी लिहिणाऱ्यांनी पुस्तक उघडून पाहिले होते. पुढच्यांनी फक्त कार्ड पाहिले आणि तेही अर्धेच. ज्यांची कार्डे अजून जपलेली आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, ही कळकळीची विनंती. ५०४ भरण्याचे निम्मे काम त्या कार्डांवर झालेले आहे.

मात्र कार्डावरची टीप ज्या आवृत्तीची आहे तीच आवृत्ती संगणकावर नोंदवलेली आहे ना, हे पाहूनच ती उतरवावी. मराठीत पुनर्मुद्रण करताना मागची सूची गाळण्याचा प्रकार घडतो. उलट नव्या आवृत्तीत संपादक सूची जोडतात असेही होते.

पानोपानी

मी ग्रंथपाल नाही. स्थानिक इतिहासाचा अभ्यास करणारा वाचक आहे, तेव्हा वाचकाच्या बाजूने सांगतो. पुस्तक मागवताना मला दोन गोष्टी आधी कळल्या तर माझा पूर्ण दिवस वाचतो : लेखकाने साधने कोणती वापरली हे त्याने सांगितले आहे का आणि गावांची नावे शोधायला सूची आहे का. पहिल्या गोष्टीवरून मी पुस्तकावर किती भिस्त ठेवायची ते ठरवतो आणि दुसरीवरून ते ग्रंथालयात बसून पाहता येईल की घरी न्यावे लागेल ते ठरवतो. सहाशे पानांच्या पुस्तकाला स्थलनामसूची असेल, तर माझ्या तालुक्याचे काम तासाभरात होते. नसेल, तर पान अन् पान वाचावे लागते.

ओपॅकवर या टिपा मला कुठे दिसतात, हे मात्र कळले नाही. अनेक ग्रंथालयांच्या पडद्यावर तसा रकानाच आढळत नाही.

तालिकाकार

कोहाच्या ओपॅकवर पुस्तकाचे पान उघडले की खालच्या बाजूला टिपांचा वेगळा टॅब असतो आणि ५०० पासून पुढच्या टिपा तिथे येतात. तो दिसत नसेल, तर दोन शक्यता असतात. एक तर नोंदीत टिपाच नाहीत, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा हेच कारण असते. किंवा 'नोट्स टू हाइड' या सिस्टम प्रेफरन्समध्ये (कोहाच्या एका सेटिंगमध्ये) कोणीतरी ५०४ लिहून ठेवले आहे. जुन्या आवृत्त्यांत या प्रेफरन्सचे नाव 'नोट्स ब्लॅकलिस्ट' होते. त्या यादीतून ५०४ काढले की टीप दिसू लागते. सर्व ग्रंथपालांनी एकदा ते तपासावे.

आपण सांगितलेला उपयोग ही या प्रस्तावाची सर्वांत चांगली बाजू आहे. टिपेतले शब्द साध्या शोधातही सापडतात. 'स्थलनामसूची' हा शब्द सर्व नोंदींत एकाच रूपात लिहिला, तर त्या शब्दाबरोबर जिल्ह्याचे नाव टाकून अशी पुस्तके वेगळी काढता येतील. कोणी 'स्थळसूची', कोणी 'गावांची सूची' असे लिहिले, तर तो लाभ जातो. म्हणून प्रत्येक ग्रंथालयाने अशा शब्दांची एक छोटी यादी ठरवून भिंतीवर लावावी.

अकारविल्हे

संतवाङ्मयाच्या पुस्तकांबद्दल लिहिते, कारण आमच्या संग्रहात ती मोठ्या संख्येने आहेत आणि ठरीव टीप तिथे सर्वांत जास्त अपुरी पडते.

गाथेच्या छापील आवृत्तीत अनेकदा पुढे किंवा मागे अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे यादी असते. तिच्यावर मथळा बहुधा 'अनुक्रमणिका' असाच छापलेला असतो. केवळ मथळा वाचणारा तालिकाकार ती प्रकरणांची यादी समजून सोडून देतो. पण ती पृष्ठक्रमाने नाही, वर्णक्रमाने लावलेली आहे आणि अभंग कुठे आहे हे शोधण्यासाठीच केलेली आहे. म्हणजे काम सूचीचेच करते. तेव्हा मथळा काहीही असो, यादी कोणत्या क्रमाने लावली आहे ते पाहावे. वर्णक्रमाने असेल, तर ००८ च्या ३१ व्या स्थानी १ द्यावा आणि ५०० मध्ये 'अभंगांची अकारविल्हे सूची (पृ. ७२१-७८४)' अशी टीप लिहावी. कीर्तनकार, प्रवचनकार, भजनी मंडळींचे वाचक यांना नेमके हेच हवे असते. कोणती गाथा हाताळायला सोपी, हे ते याच पानांवरून ठरवतात.

ज्ञानेश्वरीच्या आवृत्त्यांत मागे कठीण शब्दांचा कोश असतो. त्याला मी सूची म्हणत नाही. शब्दाचा अर्थ दिला आहे, शब्द कुठे आला ते दिलेले नाही, तर ५०० मध्ये 'कठीण शब्दांचा कोश' एवढीच टीप लिहावी आणि ३१ वे स्थान ० ठेवावे. शब्दापुढे अध्याय आणि ओवीचा क्रमांक दिला असेल, तर मात्र ती शब्दसूचीही झाली आणि मग १ योग्य ठरतो. हा फरक पाहायला दोन मिनिटे लागतात.

आणखी एक. अशा आवृत्तीला अभ्यासपूर्ण प्रस्तावना असते आणि तिच्या तळटीपांत हस्तलिखितांचे व पूर्वीच्या आवृत्त्यांचे संदर्भ असतात. मूळ ग्रंथात संदर्भ नाहीत म्हणून ५०४ सोडायचे का, असा प्रश्न मला सहकारी विचारतात. माझ्या मते सोडू नये. 'प्रस्तावनेत संदर्भ' असे स्पष्ट लिहावे.

तालिकाकार

उत्तम प्रतिसाद. मथळ्याऐवजी क्रम पाहावा, हे मी आमच्या सूचनापत्रात आजच घालतो. प्रस्तावनेतील संदर्भांबाबतही सहमत आहे.

दाखलनोंद

आणखी तीन अडचणी मांडते. पहिली, ललित पुस्तकांच्या सुरुवातीला किंवा मलपृष्ठावर 'लेखकाची ग्रंथसंपदा' असते. आमचे एक सहकारी त्यालाही ५०४ देतात. दुसरी, गौरवग्रंथात ज्यांचा गौरव केला आहे त्यांच्या लेखनाची सविस्तर सूची असते. तिसरी, कोशांची. विश्वकोशाच्या नोंदींखाली संदर्भ दिलेले असतात, त्यांची पृष्ठे द्यायची कशी?

तालिकाकार

लेखकाची ग्रंथसंपदा ही प्रकाशकाने दिलेली माहिती असते, पुस्तकातील मजकुराला तिचा आधार नसतो. तिला ५०४ देऊ नये. जुन्या पुस्तकांच्या शेवटी प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती असतात, त्यांचेही तसेच.

गौरवग्रंथातील लेखनसूचीचे मोल याच्या उलट आहे. एखाद्या संशोधकाचे लेख कुठल्या नियतकालिकाच्या कुठल्या अंकात आले, याची सर्वांत भरवशाची यादी कित्येकदा त्याच्या गौरवग्रंथाच्या शेवटीच मिळते. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ने १८०० ते १९५० या काळातील मराठी पुस्तके दोन भागांत नोंदवून ठेवली, पण नियतकालिकांत विखुरलेल्या लेखांसाठी वाचकाला बऱ्याचदा अशाच याद्यांकडे जावे लागते. तेव्हा इथे ५०४ मध्ये 'सत्कारमूर्तींची लेखनसूची (पृ. ३८९-४२०)' असे लिहावे आणि ००८ मध्ये बी द्यावा. ग्रंथातील लेखांनाही स्वतंत्र संदर्भ असतील, तर 'लेखांच्या शेवटी संदर्भ' हे त्याच वाक्यात जोडावे किंवा ५०४ दुसऱ्यांदा द्यावे. हा टॅग पुन्हा देता येतो.

मराठी विश्वकोशात अनेक नोंदींच्या अखेरीस 'संदर्भ' या शब्दाखाली ग्रंथांची नावे दिलेली आहेत. ते विखुरलेले असल्यामुळे पृष्ठांक द्यायचेच नाहीत. 'नोंदींच्या अखेरीस संदर्भ' ही टीप संपूर्ण संचाला पुरते. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची गोष्ट वेगळी आहे. तेवीस खंडांपैकी बावीसावा खंड हाच सूचीखंड आहे. संचाची एकत्र नोंद असेल, तर टीप 'सूची : खंड २२' अशी करावी आणि ३१ व्या स्थानी १ द्यावा. ज्या ग्रंथालयाकडे नेमका तोच खंड नाही, त्यांनी टीप काढून टाकू नये. टीप प्रकाशित संचाबद्दल असते. आपल्याकडे कोणते खंड आहेत, ते प्रतींच्या नोंदीत सांगावे.

बंद कपाट

शेवटच्या वाक्याशी जोडलेला एक व्यावहारिक प्रश्न आहे. आमच्या जुन्या पुस्तकांची बांधणी अनेकदा झाली आहे आणि सर्वांत आधी जातात ती शेवटचीच पाने. छापील पुस्तकाला सूची होती, हे दुसऱ्या ग्रंथालयाच्या नोंदीवरून कळते, पण आमच्या प्रतीत ती नाही. मग ५०४ मध्ये काय लिहावे?

तालिकाकार

५०४ मध्ये आवृत्तीबद्दल लिहावे, म्हणजे सूची असल्याचेच. आपल्या प्रतीतील उणीव प्रतीच्या पातळीवर नोंदवावी. कोहात ९५२ या प्रतींच्या टॅगचे सबफील्ड झेड हे सार्वजनिक टिपेसाठी आहे, तिथे 'या प्रतीत पृ. ४०१ पासून पुढची पाने नाहीत' असे लिहिले की ओपॅकवर त्या प्रतीपुढेच ते दिसते. दोन प्रती असतील, तर वाचक लगेच दुसरी मागवू शकतो. ही टीप ५०४ मध्ये मिसळली आणि ती नोंद कोणी उतरवून घेतली, तर त्यांच्या पूर्ण प्रतीवरही फाटल्याचा शिक्का बसेल.

पानोपानी

बंद कपाट यांच्यासारख्या ग्रंथालयांनी हे एवढे केले, तरी आमच्यासारख्यांच्या फेऱ्या वाचतील. पण मागच्या सगळ्या साठ्याचे काय? नव्या पुस्तकांना टिपा आणि जुनी तशीच, असे झाले, तर ज्यांची खरी गरज आहे ती जुनी इतिहासविषयक पुस्तके कोरीच राहतील.

बंद कपाट

याचे उत्तर आम्ही असे काढले आहे. संपूर्ण साठा एकदम घेणे आम्हाला शक्य नाही. महाराष्ट्राच्या इतिहासाची, म्हणजे ड्यूई वर्गीकरणातील ९५४.७९२ या वर्गांकाची पुस्तके, चरित्रे आणि संदर्भ विभाग एवढेच आधी घेणार आहोत. याशिवाय कोणत्याही विषयाचे पुस्तक वाचकाकडून परत आले, की ते कपाटात जाण्यापूर्वी देवघेव विभागातील व्यक्ती शेवटची पाने पाहून एका चिठ्ठीवर 'संदर्भ', 'सूची' आणि पृष्ठांक लिहील, आणि आमचे तालिकाकार त्यावरून ५०४ किंवा ५०० आणि ००८ भरतील. जे पुस्तक मागितले जाते ते आधी पूर्ण होईल.

चिठ्ठीचा नमुना आणि तालिकाकार यांनी सुचवलेली शब्दांची यादी तयार झाली की याच धाग्यावर देतो. यादीत सध्या संदर्भसूची, लेखनसूची, व्यक्तिनामसूची, स्थलनामसूची, विषयसूची, शब्दसूची आणि अकारविल्हे सूची एवढे शब्द आहेत. त्यात भर घालायची असल्यास कृपया कळवावे.

अकारविल्हे

'ग्रंथनामसूची' घालावी. संशोधनपर पुस्तकांत मजकुरात आलेल्या ग्रंथांची वेगळी वर्णक्रमसूची असते आणि तिच्या नावामुळे ती संदर्भसूची समजून ५०४ मध्ये जाते. नावापुढे प्रकाशक आणि प्रकाशनवर्ष असेल, तर ती संदर्भसूची. पुस्तकातील पृष्ठांक असतील, तर ती सूची, आणि तिच्यासोबत दुसरे संदर्भ नसतील, तर तिची जागा ५०० मध्ये आहे.